एक फूट खाली

खडीचा ढीग बरोबर गिरणीच्या दारात पडला. ट्रॅक्टरवाल्याने ट्रॉली उचलली, खडखडाट झाला, आणि धुरळा खाली बसेपर्यंत दाराचा खालचा अर्धा भाग दिसेनासा झाला होता. आतला पट्टा थांबला. गिरणीवाली मावशी बाहेर आली, भुवयांपर्यंत पिठाने पांढरी.

"उचल," ती म्हणाली.

"मावशी, रस्त्याची खडी आहे."

"दळायला आणली नाहीस एवढं कळतं मला. उचल."

"मुकादम म्हणाले, मोकळी जागा बघून टाक."

"आणि माझं दार तुला मोकळं दिसलं?"

"दार कुठं दिसतंय? मला वाटलं भिंतीत कोनाडा आहे." ट्रॅक्टरवाला हसला. समोरच्या ओट्यावर बसलेला शिंपीही हसला.

मावशी हसली नाही. तिने फावडं आणून त्याच्या हातात दिलं आणि तो दारापुरती वाट मोकळी करेपर्यंत कमरेवर हात ठेवून उभी राहिली. चार बायका डोक्यावर डबे घेऊन ताटकळत होत्या. त्यांच्याकडे बघून ती म्हणाली, "थांबा जरा. आपल्या पंचायतीचं दळण आधी आलंय."

ट्रॅक्टरवाल्याचं बोलणं खोटं नव्हतं, म्हणूनच ते झोंबलं. मावशीच्या सासऱ्याने ही गिरणी बांधली तेव्हा आत यायला तीन पायऱ्या चढाव्या लागत. प्रत्येक पायरी सहा इंचांची. मग पंचायतीने गल्लीत पहिला सिमेंटचा रस्ता केला आणि खालची पायरी रस्त्याखाली गेली. काही वर्षांनी त्यावर दुसरा केला. दुसरी गेली. तिसरा झाला तेव्हा उंबरा आणि रस्ता एका पातळीत आले. आता चौथा आला होता.

दर वेळी पद्धत तीच. जुना रस्ता उखडायचा नाही. आहे त्याच्यावर सहा इंच घालायचे आणि नारळ फोडायला मोकळं व्हायचं. चौदा घरांच्या आमच्या गल्लीत नऊ घरं अशी हळूहळू जमिनीत उतरत चालली होती. माणसं दारातून वाकून बाहेर यायची आणि रस्त्यावर चढायची.

मावशीची अडचण बाकीच्यांपेक्षा मोठी होती, कारण तिच्या घरात मोटर होती. गेल्या पावसाळ्यात गल्लीतलं पाणी आत आलं आणि गिरणीत पाच इंच साचलं. दारात विटांचा बांध घातला होता, पण पाणी मातीत रचलेल्या दगडी भिंतीतून झिरपून आलं. मोटर सात इंचांच्या चौथऱ्यावर होती, म्हणून वाचली. पाच आणि सातमध्ये दोन इंच. आता रस्ता सहा इंच वर गेला तर आत अकरा इंच पाणी. हे गणित करायला कुणाला शाळेत जावं लागत नाही.

"मग चौथरा उंच करा," असं सांगणारे पुष्कळ होते. मावशी त्यांना आत घेऊन जायची. चौथरा आधीच दोनदा उंच केला होता. मोटर वर गेली की पट्ट्यासाठी जातं वर न्यावं लागतं, जातं वर गेलं की दाणे ओतायचं पत्र्याचं नरसाळं वर जातं. ते आता तुळईपासून दीड वितीवर होतं. मावशी स्टुलावर चढून, मान तिरकी करून, डबा तुळईखालून सरकवत दाणे ओतायची. वर्षभरात तिचं डोकं त्या तुळईवर इतक्या वेळा आपटलं होतं की तिथे तिने गोणपाट गुंडाळलं होतं.

"आता चौथरा वाढवला तर दाणे छपराला भोक पाडून ओतीन," ती म्हणायची. "आणि त्या भोकातून पाऊस आला, की वरून-खालून सारखंच."

दुपारी दळण संपवून तिने अंग झटकलं, लुगडं बदललं आणि पंचायतीच्या कचेरीत गेली. सोबत तिचा दीर होता. तो म्हातारा गवंडी. गावातली निम्मी घरं त्याने बांधलेली. आता हात थरथरतो म्हणून कामाला कुणी बोलवत नव्हतं, पण डोळा अजून ओळंब्यासारखा सरळ होता.

कचेरीत भिंतीवर नवा फलक लागला होता. पक्की घरं, सुंदर शाळा, भक्कम रस्ते. खाली अध्यक्षांचा हात जोडलेला फोटो. अध्यक्षांना गावात मागून कोनशिला म्हणत, कारण काम सुरू व्हायच्या आधी त्यांच्या नावाची शिला तयार असायची. एकदा शिला बसली आणि पाण्याची टाकी आलीच नाही. ती शिला अजून शेतात उभी आहे. तिच्यावर म्हशी अंग घासतात.

"या मावशी, बसा," अध्यक्ष म्हणाले. "रस्ता येतोय ना दारात?"

"दारात नाही, डोक्यावर येतोय. जुना उखडून मग नवा करा, एवढंच सांगायला आले."

अध्यक्षांनी समोरच्या कागदांवर हात ठेवला. "हे बघा, योजनेत लांबी, रुंदी आणि जाडी आहे. खोदाईचा रकानाच नाही."

"मग रकाना आखा. पट्टी मी देते."

"तसं होत नाही. आणि खोदाई कुणाला दिसते? उद्या वरून साहेब बघायला आले तर काय दाखवायचं? खड्डा? घातलेलं दिसतं, काढलेलं दिसत नाही."

"पाणी दिसतं," गवंडी म्हणाला.

अध्यक्षांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. आवाज मऊ करून ते मावशीला म्हणाले, "तुमची काळजी मला नाही असं समजू नका. आपण ओढ्यापलीकडे पक्क्या घरांची चाळ बांधतोय. ज्यांची घरं राहण्यालायक नाहीत त्यांच्यासाठी. सध्या तुमचं घर त्यात बसत नाही. पण रस्ता झाला, एक पावसाळा गेला, की बसेल."

मावशीने कानावरचा पदर मागे सारला. आपण ऐकलं ते बरोबर ऐकलं का, हे ती तपासत असावी.

"म्हणजे आधी तुम्ही माझं घर बुडवणार आणि मग मला घर देणार?"

"बुडवणार कसलं. नियमात बसवणार."

"आणि गिरणी? त्या चाळीत मोटर चालेल एवढी वीज आहे?"

"दिवा लागतो की."

"मग दिव्यावर दळते मी," मावशी म्हणाली आणि उठली.

परतताना दोघं शाळेवरून आली. तिथे मुकादमाची माणसं फाटकावर कमान बांधत होती. गाडी आत जाईल एवढी रुंद आणि दुमजली घराएवढी उंच. मागे शाळेच्या तीन वर्गांवर पत्रे होते, आणि उन्हाने ते इतके तापले होते की मास्तरांनी पोरांना कमानीच्याच सावलीत बसवलं होतं. पाढे आणि सिमेंट कालवायचं यंत्र दोन्ही एकदम चाललं होतं.

गल्लीत पोहोचली तर इंजिनियर साहेब खिळे ठोकून मोटरसायकलला किक मारत होते.

या खिळ्यांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे झालं. साहेब येतात, गल्लीच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर दर तीस फुटांवर एकेक खिळा ठोकतात आणि भोवती तांबड्या रंगाचं कडं काढतात. खिळ्यापासून खिळ्यापर्यंत दोरी ताणायची. दोरीपासून बरोबर एक फूट खाली रस्त्याचा माथा. त्याखाली सहा इंच जाडी. साहेब खिळे ठोकून जातात ते एकदम फोटोच्या दिवशी उगवतात. मधलं सगळं मुकादम बघतो, आणि मुकादमाकडे असते एक काठी. दीड फूट लांब, एका फुटावर खाच. काठी दोरीला लावून उभी धरायची. ती पूर्ण उतरली तर माल ओतायचा. नाही उतरली तर उतरेपर्यंत खणायचं. नवा रस्ता नेहमी जुन्याच्या वर असल्याने काठी नेहमीच उतरायची. गेल्या तीन रस्त्यांत मुकादमाला एकदाही कुदळ मारावी लागली नव्हती.

मावशीच्या भिंतीवरचा खिळा रस्त्यापासून दीड फुटावर होता. गवंडी त्याच्यासमोर उकिडवा बसला आणि बराच वेळ तसाच बसून राहिला.

"काय बघताय, भावजी?"

"वहिनी, मुकादम रस्ता बघतो की दोरी?"

"दोरी. काल कमानीखाली त्याची म्हैस बांधलेली होती, तिच्या शेपटीवरून दोरी गेलेली. म्हैस हलली, दोरी हलली, यानं कमान तिरकी केली आणि मग परत फोडली."

"मग हा खिळा एक फूट खाली असता तर?"

मावशी खिळ्याकडे बघत राहिली. मग तीही खाली बसली. दोरी एक फूट खाली आली, तर जुन्या रस्त्यावर काठी उतरणारच नाही. मुकादमाला एक फूट खणावं लागेल. वरचे दोन थर निघतील. त्यावर सहा इंच नवा, म्हणजे रस्ता आजच्यापेक्षा सहा इंच खाली आणि गिरणीला एक पायरी परत.

"एक पायरी पुरते," मावशी म्हणाली. "गल्लीत पाणी पाच इंचांच्या वर कधी गेलं नाही."

"पण एकट्या तुमच्या भिंतीवरचा हलवून भागायचं नाही. सगळे अठरा हलले पाहिजेत. एक जरी राहिला तर दोरी तिरकी, आणि तिरकी दोरी मुकादमालासुद्धा कळते."

अठरा खिळे म्हणजे चौदा घरं. चौदा घरं म्हणजे चौदा तोंडं. मावशीने त्यांना बोलवायला कुणी पाठवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दळण न्यायला जो जो आला, त्याला तिने डबा देण्याआधी सांगितलं. पीठ हातात पडेपर्यंत माणूस नाही म्हणत नाही, हा तिचा अनुभव होता.

ज्या नऊ घरांत पाणी शिरायचं ती लगेच तयार झाली असतील, असं वाटेल. एक म्हणाला, पंचायतीच्या खिळ्याला हात लावला तर माझ्या दाखल्याचं अडेल. दुसऱ्याला खिळ्याची भीती नव्हती, पण शेजाऱ्याच्या भिंतीवरचा आधी हलव म्हणाला. तिसऱ्याची बायको म्हणाली, पाण्याची आता सवय झालीय. तिच्याकडे मावशीने असं बघितलं की ती डबा न घेताच निघाली.

सगळ्यात मोठा खोडा शिंप्याचा. त्याचं घर पाच वर्षांपूर्वीचं. इतरांची दशा बघून त्याने जोतं आधीच रस्त्यापेक्षा फूटभर उंच घेतलं होतं, आणि ओट्यावर बसून तो दर पावसाळ्यात आमची तारांबळ बघायचा.

"मला काय गरज?" तो म्हणाला. "रस्ता खाली गेला तर माझं जोतं दीड फूट होणार. माझ्या आईला दोन पायऱ्या जड जातात, तिसरी कशी चढेल?"

"रस्ता वर आला तर सहा इंचच राहतं तुझं जोतं," गवंडी म्हणाला. "पुढच्या रस्त्याला शून्य. त्याच्या पुढच्या रस्त्याला तू आमच्यात."

"पुढचं पुढे."

"पाचवा आला की तुझी मशीन कुठं नेशील? छपरावर?"

शिंप्याने सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला. दोनदा चुकला.

"तुझ्या आईला चार-चार इंच उंचीच्या रुंद पायऱ्या करून देतो मी," गवंडी म्हणाला. "बाजूला धरायला कठडा. हात थरथरला तरी पायरी थरथरत नाही माझी."

"आणि तांबडा रंग?" शिंप्याने विचारलं. "खिळ्याभोवतीचं कडं? तो रंग कुठून आणणार?"

म्हणजे गडी तयार झाला होता. उंच जोत्याचा शिंपी तयार झाल्यावर बाकीच्यांना नाही म्हणायला तोंड राहिलं नाही. रंगाचा प्रश्न त्याच्या सुनेने सोडवला. तिची नेलपेंटची बाटली साहेबांच्या रंगाशी इतकी जुळली, की साहेबही तीच वापरत असावेत अशी शंका यावी.

दुपारी मुकादमाची सगळी माणसं कमानीवर होती. ऊन असं होतं की चिमण्यासुद्धा वळचणीत गप्प होत्या. गवंड्याने पाण्याची नळी काढली. बोटभर जाड, पारदर्शक, चाळीस फूट लांब. ती पाण्याने भरली, आतला एकेक बुडबुडा टिचकी मारून बाहेर काढला. एक टोक त्याच्या हातात, दुसरं मावशीच्या. दोन्ही टोकांतलं पाणी एका पातळीत येतं, मग मध्ये खड्डा असो की म्हैस. पंचायतीत जे कधी घडत नाही ते त्या नळीत आपोआप घडत होतं.

"नुसता टेप लावून फूटभर खाली घेऊ की," शिंपी म्हणाला. "नळी कशाला?"

"साहेबांनी बरोबर ठोकलेत की नाही ते आधी बघतो."

बरोबर ठोकलेले नव्हते. ओढ्याकडचा एक खिळा जोडीदारापेक्षा दीड इंच वर होता. गवंड्याने तोही सुधारला. वरच्या तोंडाशी मोठा रस्ता लागतो, तिथे एकदम फूटभर उतार दिला तर बैलगाडी आदळेल, म्हणून तिथली पहिली जोडी तीन इंच, दुसरी सहा, तिसरी नऊ आणि तिथून ओढ्यापर्यंत सगळे बारा इंच खाली. एका दमात त्याने हिशेब केला. खिळा उपटायचा, भोक चुना आणि चुलीच्या काजळीने बुजवायचं, जुनं कडं खरवडायचं, नवा खिळा, नवं कडं. शिंप्याची सून मागून बाटली घेऊन यायची आणि फुंकर मारून रंग वाळवायची.

तीन तास लागले. कुणी लपलं नाही. मधे पंचायतीचा शिपाई सायकलवरून गेला, त्याने विचारलं काय चाललंय, आणि मावशीने सांगितलं, खिळे ठीक करतोय. तो म्हणाला, बरं झालं. शासकीय काम इतकं उघड्यावर कुणी बिघडवत नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं.

दोन दिवसांनी मुकादम आला. दोरी ताणली. ती गुडघ्याच्या वर असायची ती नडगीवर आली, पण त्याने बघितलं नाही. त्याने काठी लावली. काठी उतरेना. उलटी करून लावली. उतरेना. काठी वाढली की काय म्हणून त्याने ती टेपने मोजली.

"हे काय नवीन?" तो म्हणाला.

"काय झालं, मुकादम?" मावशीने दारातून विचारलं.

"फूटभर खणायला लागतंय."

"अरे देवा. साहेबांना विचारा की."

"साहेबांना विचारायला गेलो तर म्हणतील, दोरी दिलीय, काठी दिलीय, अक्कल कशाला चालवतोस." तो थुंकला आणि माणसांना हाक मारली. "चला, कुदळी आणा."

वरचा थर फुटायला आम्हाला वाटलं त्याच्या चौथाई वेळही लागला नाही. सहा इंचांत सिमेंट होतं वरची दोन बोटं. खाली विटांचे तुकडे, माती, बिडीची बंडलं, एक तुटकी चप्पल. आणि त्याच्याखाली कौलं. फुटकी, अर्धी, काही आख्खी, एकावर एक दाबून बसवलेली. मजुरांनी ती गिरणीच्या भिंतीशी रचायला सुरुवात केली.

गवंड्याने एक कौल उचललं. त्याच्या कडेला तार घालायचं भोक होतं. त्याने दुसरं उचललं. मग तिसरं.

"ही शाळेची," तो म्हणाला. "कडेच्या ओळीला भोकं मी पाडली. वारा उचलू नये म्हणून तारेनं बांधली होती. माझ्याशिवाय या गावात कुणी बांधत नाही अशी."

शाळेचं छप्पर अध्यक्षांनी आपल्या पहिल्या कारकिर्दीत उतरवलं होतं. जुनी कौलं गरिबांच्या घरांवर घालणार, असं सांगून. शाळेला पत्रे आले. गरिबांना कौलं पोहोचली नाहीत, तेव्हा ती वाटेत फुटली असं कळलं. वाटेतच होती म्हणजे. आमच्याच पायाखाली. पोरं त्यांच्यावरून चालत जाऊन पत्र्याखाली बसत होती.

बातमीला अध्यक्षांपर्यंत जायला अर्धा तास पुरला. ते आले तेव्हा गल्लीत निम्मं गाव जमलं होतं, आणि बातमी ऐकून इंजिनियर साहेबही आले होते. साहेबांनी चष्मा काढला. खणलेल्या गल्लीकडे पाहिलं, खिळ्याकडे पाहिलं. खिळा आपण ठोकला तिथे नाही, एवढं त्यांना कळलं असावं. पण त्यांच्या वहीत लिहिलेलं होतं, सध्याच्या रस्त्यापासून दीड फूट वर. आणि सध्याचा रस्ता आता भिंतीशी ढीग होऊन पडला होता. मोजणार कशापासून?

"हे कुणाच्या परवानगीनं?" अध्यक्ष ओरडले.

साहेबांनी काठी दोरीला लावली. ती खालपर्यंत उतरली.

"कामात चूक नाही," ते सावकाश म्हणाले. "खिळे माझेच आहेत."

अध्यक्षांनी लोकांकडे पाहिलं, कौलांच्या थप्पीकडे पाहिलं. लोकही थप्पीकडेच बघत होते. चेहरा कसा बदलतो ते मी त्या दिवशी तीन हातांवरून पाहिलं. कपाळावरची आठी गेली, खांदे मागे गेले, आणि हात हवेत वर आला.

"बघा," ते म्हणाले. "यासाठीच मी खणायला लावलं. पूर्वीच्या लोकांनी जनतेच्या रस्त्यात काय काय पुरलंय ते बाहेर यावं म्हणून."

वरून पहिला थर कुणाच्या कारकिर्दीतला हे गल्लीत प्रत्येकाला ठाऊक होतं. त्यांच्याच. त्याच्या उद्घाटनाला आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. शिंप्याने ओठ हलवले. मावशीने त्याच्याकडे बघितलं, आणि ते हलायचे थांबले. बोललो असतो तर चौकशी लागली असती, काम थांबलं असतं आणि पावसाळा उघड्या खड्ड्यात आला असता. आम्ही चौदा घरं उभी राहून आमचं मौन त्यांना देत होतो, आणि त्यांनी ते मान हलवून घेतलं.

"मावशी," जरा वेळाने ते गिरणीच्या दाराशी येऊन हळू म्हणाले, "साहेब वर अहवाल पाठवतील. कुणी विचारलं तर तुम्ही सांगा. अध्यक्षांनीच खोदाईचं मनावर घेतलं."

"सांगते की."

"खिळ्यांचं मी काही विचारत नाही."

"कसले खिळे?" मावशी म्हणाली. "आणि कौलं इथं माझ्या भिंतीशी नकोत. आख्खी शाळेत न्या. भावजी बसवतील, पोरांच्या पाण्याच्या नळावर तरी सावली होईल. तुमच्या ट्रॅक्टरनं न्या, दिवसा न्या, आणि मोठ्या रस्त्यानं न्या."

"मोठ्या रस्त्यानं कशाला? मागून जवळ पडतं."

"मग मला कुणी विचारलं तर काय सांगायचं ते परत आठवावं लागेल."

आख्खी कौलं एकतीस निघाली. ती मोठ्या रस्त्याने, भर बाजारातून, उघड्या ट्रॉलीतून गेली. एकतिसांत शाळा झाकत नाही. पण गवंड्याने ती नळावर बसवली, कडेची तारेने बांधून.

नवा रस्ता झाला. मुकादमाने या वेळी माल खरा घातला, कारण गवंडी रोज खुर्ची टाकून समोर बसायचा आणि घमेली मोजायचा. शिंप्याच्या आईने नव्या पायऱ्या एकटीने उतरून दाखवल्या आणि मग मुलाला म्हणाली, तू आधी का नाही करून घेतल्यास?

बाराव्या दिवशी पाऊस आला. आभाळ दुपारपासूनच काळं झालं होतं, आणि आला तो असा की समोरचं घर दिसेना. वरच्या वस्तीतलं पाणी गल्लीत घुसलं, गढूळ, काटक्या-कचरा घेऊन, आवाज करत. मावशीने गिरणी बंद केली नाही. ती फक्त दारात येऊन उभी राहिली. पाणी पायरीला लागलं. वर चढलं. चार बोटं. आणखी थोडं. उंबऱ्याखाली दीड-दोन बोटांवर येऊन ते तसंच वाहत राहिलं आणि ओढ्याकडे गेलं. तासाभराने ओसरलं. मावशीने हात खाली घालून आतली जमीन चाचपली. पिठाने हाताला कोरडा पांढरा रंग लागला.

"वहिनी?" गवंड्याने समोरच्या ओट्यावरून हाक मारली.

"कोरडं आहे," ती म्हणाली आणि पुन्हा स्टुलावर चढली.

आठवड्याने उद्घाटन झालं. गिरणीच्या शेजारी मंडप, नवी शिला, वरून आलेले मोठे साहेब. मोठे साहेब म्हणाले, आधी खोदाई करून मग रस्ता करणारी ही आमच्या बघण्यातली पहिलीच पंचायत. अध्यक्षांनी मान खाली घालून ते कौतुक स्वीकारलं आणि बोलायला उभे राहिले. पाया, मुळं, भविष्य असे शब्द ऐकू आले. नंतर काहीच ऐकू आलं नाही, कारण मावशीने मोटर चालू केली.

पंचायतीचा कारकून धावत आला. "मावशी, पाच मिनिटं बंद करा."

"जात्यात दाणे आहेत. मधे थांबवलं तर पट्टा सुटतो."

"अहो, भाषण चाललंय."

"चालू द्या की. मी कुठं अडवलंय?"

बाहेर अध्यक्षांचे ओठ हलत राहिले. लोक त्यांच्या तोंडाकडे बघत बसले आणि ते मिटलं की टाळ्या वाजवत राहिले. ते चुकून दोनदा खोकले, त्यालाही टाळ्या पडल्या.

समारंभ संपल्यावर फोटोवाल्याला मागे घेऊन ते पायरी चढून आत आले. आत दळणासाठी सहा जणी बसल्या होत्या. अध्यक्ष मावशीच्या शेजारी उभे राहिले, अंगरखा सारखा केला, आणि योजनेचा लाभ मिळालेल्या बाईबरोबर शोभेल असं हसू आणलं.

मावशीने त्यांच्यासमोर हात पसरला. "डबा कुठाय?"

"कसला डबा?"

"दळणाचा."

"दळण नाही आणलं मी. फोटोपुरतं आलोय."

"मग बाजूला व्हा," मावशी म्हणाली. "मागं माणसं थांबलीत."